एडगर पिंडर चालू लागतो

एल्डरबी,
११ ऑक्टोबर १९८८

प्रिय ऑड्री,

पाकिटावरचं माझं नाव वाचून तू दचकली असशील. घाबरू नकोस, तुझे बाबा ठीक आहेत. सकाळी लापशी खातात, मुकाट्याने दाढी करून घेतात आणि दाढी करणाऱ्या मुलीला ‘बरं झालं हं, नेल’ असं म्हणतात. तुझ्या आईचं नाव त्या मुलीचं नाही, पण तीही आता ओ देते. आजवर तुला नाताळच्या कार्डावर दोन ओळी खरडण्यापलीकडे मी कधी काही लिहिलं नाही. आज तीन कागद फाडून झाले, हा चौथा. फोन केला असता, पण फोनवर मला काहीच ऐकू येत नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘निरोप सांगा, मी बोलते कॅनडाला.’ त्यांच्या तोंडून सांगण्यासारखं हे नाही गं. ज्यांना मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्यांनीही ते खरं मानलं नाही, ते पुढे येईलच.

तुला बाबांच्या वृद्धाश्रमाकडून एक कागद आला असेल, नाहीतर दोन-चार दिवसांत येईल. लांबट, पांढरा, खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ. तिथल्या मुख्य, मिसेस फेअरहर्स्ट, त्यांनी मला तो दाखवला. एडगर रोज दुपारी खुर्चीतून उठून भटकतो, दोनदा तर पार मोठ्या रस्त्यापर्यंत पोचला, म्हणून त्याला पुढे फळी असलेल्या खुर्चीत बसवायचं. फळीला कडी, आणि ती कडी मागच्या बाजूला, त्याच्या हाताला लागणार नाही अशी. त्यासाठी जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. बाई वाईट नाहीत. ‘एकोणीस म्हातारी माणसं आणि चार मुली, मिस्टर हॅडो, मी कुणाकुणाच्या मागे धावू?’ असं म्हणाल्या, आणि ते खोटंही नाही. मी म्हटलं, असं करू नका, मी त्याला पन्नास वर्षं ओळखतो. तर नेमक्या माझ्या डाव्या, ठार बहिऱ्या कानाशी वाकून ओरडल्या, ‘पण तुम्ही नातेवाईक नाही ना!’ उजव्यात ओरडल्या असत्या तरी फारसा फरक पडला नसता. त्यांच्या ओठांवरून कळलं.

तेव्हा माझी विनंती एवढीच की हे पत्र वाचून होईपर्यंत त्या कागदावर सही करू नकोस. नंतर तुला योग्य वाटेल ते कर. मी कोण सांगणारा?

तुझ्या लेखी मी पांढरा कोट घालून पंच म्हणून उभा राहणारा क्लेमकाका. पण त्याआधी मीही खेळायचो, आणि अगदीच टाकाऊ नव्हतो. १९३६ साली एडगर आमच्या संघात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि त्याच्या पिशवीत एक बॅट, एक पाव आणि त्याच्या आईने विणलेले मोज्यांचे चार जोड होते. मी पंचवीस वर्षांचा, चार मोसम खेळलेला, म्हणजे स्वतःला फार शहाणा समजणारा. पहिल्याच सामन्यात आम्हा दोघांना सलामीला पाठवलं. युद्धाआधी चार वर्षं आणि नंतर चार वर्षं आम्ही मिळून डाव सुरू केला. माझा खेळ म्हणजे शेजाऱ्याचं कुंपण रंगवावं तसा, हळू आणि नाइलाजाने. एडगरचा बघायला लोक चहा टाकून यायचे. लोक आमच्या जोडीचं नाव घ्यायचे, पण मला ठाऊक होतं की त्यातला अर्धा मी फक्त तो समोर होता म्हणून होतो.

आणि तो चालणारा होता. तुझ्या कॅनडात हा शब्द कुणाला कळणार नाही. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, तर फलंदाजाला ते पंचाच्या आधी कळतं, हाताला कळतं. काही जण तरीही निर्विकारपणे उभे राहतात आणि पंचाच्या तोंडाकडे बघतात. काही जण पंचाने विचार करण्याआधीच निघतात. अशांना आम्ही चालणारे म्हणायचो. पण एडगरसारखं चालणारा मी दुसरा पाहिला नाही. गोलंदाजाची ओरड घशातून बाहेर पडेपर्यंत हा चार पावलं गेलेला असायचा. बॅट डाव्या काखेत, मान थोडी खाली, उजव्या हाताने डाव्या हाताचा ग्लव्ह एकेका बोटाने सोडवत, कुणाकडेही न बघता. एका गोलंदाजाने तर जेवणाच्या टेबलावर तक्रारच केली होती, ‘पिंडरला बाद करण्यात काही राम नाही राव, धड ओरडूही देत नाही.’ मी एडगरला एकदा म्हटलं होतं, की अरे, निदान पंचाचं मत तरी ऐकून घे. तर म्हणाला, ‘मला माहीत असताना दुसऱ्याला कशाला विचारायचं?’

युद्धात मला किनाऱ्यावरच्या तोफखान्यात घातलं. तोफ माझ्या डाव्या बाजूला असायची. चार वर्षांत एकही शत्रू दिसला नाही, पण माझा डावा कान गेला. खेळताना त्याचं काही अडलं नाही. पन्नास साली मी खेळ सोडला आणि दोन वर्षांनी पंच झालो. एडगरला तोवर शेजारच्या काउंटीच्या संघाने घेतलं होतं, म्हणून तुम्ही इकडे एल्डरबीला आलात. आमच्या हिने, विनीने, माझ्या जुन्या ब्लेझरची सहा पितळी बटणं कापून दिली, षटकातले चेंडू मोजायला. उजव्या खिशातून एकेक डाव्या खिशात. ती बटणं अजून माझ्याकडे आहेत, हे लिहिताना टेबलावरच आहेत.

मला ते काम मनापासून आवडायचं, ऑड्री. दिवसभर उन्हात उभं राहायचं, कुणाचा स्वेटर कमरेला बांधायचा, आणि मैदानावर सगळ्यांत जवळून खेळ बघायचा. पण सत्तावन्नच्या सुमारास उजवा कानही मंद होऊ लागला. मी कुणाला सांगितलं नाही, विनीलाही नाही. तिला वाटायचं मी नवऱ्यांच्या सवयीप्रमाणे मुद्दाम दुर्लक्ष करतोय, आणि मी तिला तसं वाटू दिलं. मैदानावर मी डोळ्यांनी ऐकायला शिकलो. चेंडूची दिशा बदलली का, यष्टिरक्षकाचे खांदे कसे उडाले, स्लिपमधला माणूस खरं ओरडतोय की उगाच. आणि सगळ्यांत मोठा आधार म्हणजे समोरचा फलंदाज. चालणारा असेल तर प्रश्नच नाही. कड लागली असेल तर तो जाईल, आणि गेला नाही म्हणजे लागलेली नाही. माझे कितीतरी निर्णय खरं तर फलंदाजांनीच दिले होते, मी फक्त बोट वर करून त्यांच्या पाठीला दाखवलं.

सामना संपला की दोन्ही कर्णधार पंचांना गुण देतात, हे तुला माहीत असेल. एकोणसाठ सालच्या जुलैत माझ्याबद्दल दोन शेरे लागोपाठ आले. एकात होतं, ‘हॅडो यांच्या श्रवणशक्तीची खात्री करून घ्यावी.’ मग लंडनहून पत्र आलं की ऑगस्टमध्ये एल्डरबीच्या सामन्याला एक गृहस्थ तुमचं काम बघायला येतील. म्हणजे कळलंच. शरद ऋतूत यादी निघणार आणि तिच्यात माझं नाव नसणार. मला दुसरं काय येत होतं? अठ्ठेचाळीस वर्षांचा, अर्धा बहिरा माणूस, उभं राहण्यापलीकडे कसलंही शिक्षण नाही.

सामना शनिवारी सुरू झाला आणि रविवार सुटीचा. त्या रविवारी दुपारी मी तुमच्याकडे जेवायला होतो. तू चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होतीस. नेलने गोमांस भाजलं होतं, आणि तिचं ते फुगलेलं पुडिंग. मी ताटात काटा फिरवत बसलो होतो. शेवटी सगळं ओकून टाकलं, दोन्ही कानांचं, त्या पत्राचं. आणि मग ते मागणं मागितलं. एडगरला म्हटलं, ‘उद्या कड लागली तर आपणहून निघू नकोस. माझ्याकडे बघत उभा राहा, म्हणजे मला कळेल, आणि माझ्या बोटाची वाट बघ. तू निघून गेलास की पंचाने काय केलं? काही नाही. त्या माणसाला मला झेलबादचा निर्णय देताना बघू दे.’ एडगर हसला. ‘म्हणजे उद्या मी बाद होणार हे तू धरूनच चाललायस.’ मग म्हणाला, ‘क्लेम, जमेल का रे? माझे पाय मला विचारून निघत नाहीत.’ तेव्हा नेल म्हणाली, ‘एक दिवस आवर की पाय. ह्याच्या घरची चूल चालायची आहे.’ एडगरने मान हलवली, आणि नेलने मला दुसऱ्यांदा वाढलं.

सोमवारी वारा होता. समोरच्या संघाचा क्रॅडॉक टाकत होता, उंच, तांबडा, चेंडू बाहेर नेणारा. तो माझ्याच टोकाकडून टाकत होता. एडगर सतरावर होता. लंडनचे गृहस्थ राखाडी हॅट घालून पांढऱ्या पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते, आणि मी दर चेंडूला, नको म्हटलं तरी, एकदा त्या हॅटकडे बघत होतो. क्रॅडॉकने टाकला, एडगर पुढे आला, चेंडू बॅटच्या अगदी जवळून यष्टिरक्षकाकडे गेला. मला काही ऐकू आलं नाही. झाडांवरून वारा जातोय तेवढंच. क्रॅडॉक माझ्याकडे वळून हात पसरून ओरडला, सगळे ओरडले. मी एडगरकडे बघितलं. तो जागचा हलला नव्हता. ताठ उभा, माझ्याकडे बघत.

पुढचं कसं लिहू? आदल्या दिवशी मीच मागितलेलं मीच विसरलो. विसरलो म्हणजे काय, डोक्यात आलंच नाही. तेवीस वर्षांची ओळख आडवी आली. मनात एवढंच आलं की एडगर थांबलाय, म्हणजे कड लागलेली नाही. एडगर पिंडर थांबलाय ना, मग प्रश्नच मिटला. मी मान हलवली आणि म्हटलं, ‘नॉट आउट.’

आणि मग त्याचा चेहरा पाहिला. त्याचा उजवा पाय आधीच उचललेला होता. तो तसाच त्याने परत खाली ठेवला. तेव्हा मला रविवार आठवला, ते ताट, माझे स्वतःचे शब्द. तो माझ्या बोटाची वाट बघत होता आणि मी त्याच्या पायांची. आम्ही दोघं एकमेकांवर विसंबून राहिलो, आणि त्यात सगळं गेलं.

नियम पंचाला मुभा देतो, ऑड्री. चूक झाली तर लगेच बदलता येते. तीन-चार सेकंद असतात. बोट वर करायचं, बस्स. माझा हात कोटाच्या खिशात होता, बटणांवर. मी त्या राखाडी हॅटकडे बघितलं. हात बाहेर काढला नाही. चूक प्रामाणिक होती, पण ते चार सेकंद प्रामाणिक नव्हते, आणि ते सर्वस्वी माझे आहेत.

एडगर तरीही निघून जाऊ शकला असता. पण पंचाने नाबाद म्हटल्यावर फलंदाज आपणहून गेला, तर सगळ्या मैदानाला कळतं की पंचाला ऐकू आलेलं नाही. लंडनच्या माणसाने तेवढ्यासाठीच तर वही उघडली होती. म्हणून तो थांबला. मला नंतर म्हणाला, पुढच्या चेंडूवर विकेट फेकली असती तरी तेच दिसलं असतं, म्हणून थोडं खेळून मग बाद व्हायचं ठरवलं. आणि त्या दिवशी त्याला बाद होताच येईना. दोन झेल सुटले. एक चेंडू यष्टीला घासून गेला आणि वरची बेल हललीसुद्धा नाही. अठ्ठ्याऐंशी धावा केल्या त्याने. क्रॅडॉकच्या संघाचं विजेतेपद त्यात गेलं. दर षटकानंतर क्रॅडॉक त्याच्याजवळून जाताना म्हणायचा, ‘काय पिंडरसाहेब, पाय दुखतात का आज?’ ते मात्र मला ओठांवरून स्पष्ट कळत होतं.

शेवटी तो बाद होऊन आत गेला ते तू पाहिलंस. तू तेव्हा चहाच्या तंबूत पाव कापत होतीस. पॅव्हेलियनमधली म्हातारी मंडळी, जी तो आला की उभी राहायची, त्यांनी एकेक करून वर्तमानपत्रं उघडली आणि तोंडापुढे धरली. कुणी हुर्यो केली नाही. हुर्यो परवडली असती. आणि त्या संध्याकाळी तू त्याला विचारलंस, ‘बाबा, लागला होता का?’ तो म्हणाला, ‘लागला होता.’ ‘मग थांबलात का?’ त्याला तो काहीच बोलला नाही. हे मला नेलने सांगितलं, पुष्कळ वर्षांनी. त्याच हिवाळ्यात तू परिचारिकेच्या नोकरीवर कॅनडाला गेलीस. एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या बापाला असं विचारावं आणि बापाने गप्प बसावं, ते कशासाठी, तर क्लेम हॅडोची चूल.

माझी चूल चालली. लंडनच्या गृहस्थांनी शेरा दिला, ‘मोठ्या अपिलापुढे विचलित न होणारा, ठाम पंच.’ माझं नाव यादीत राहिलं, आणखी चार मोसम मी उभा राहिलो, आणि गुडघ्यांचं निमित्त सांगून मानाने निवृत्त झालो. मला घड्याळ दिलं. एडगर त्यानंतर एकच मोसम खेळला. कड लागली की पूर्वीसारखाच निघायचा, पण आता लोक हसायचे. मैदानात आला की कुणीतरी विचारणारच, ‘आज थांबणार का जाणार?’ मग तो सुतारकामाला लागला. दारं-खिडक्या उत्तम करायचा. माझ्या घराचं मागचं दार त्यानेच केलंय.

त्या सोमवारी कपडे बदलताना मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, ‘तू तुझं काम केलंस, मी माझं. चहा घे, गार होतोय.’ झालं. त्यानंतर पुन्हा कधी विषय नाही. रविवारी मी तुमच्याकडे जेवतच राहिलो, कारण न जाणं म्हणजे बोलून दाखवण्यासारखं झालं असतं. पण नेलने मला मरेपर्यंत कधी दुसऱ्यांदा वाढलं नाही. पहिलं वाढायची, भरपूर वाढायची, आणि मग भांड्यावर झाकण ठेवायची.

दहा वर्षांपूर्वी, नेल गेल्यानंतर, मी एकदा धीर केला होता. काउंटीचं वार्षिक जेवण होतं, जुने सगळे जमले होते. मी उठलो आणि सगळं सांगितलं, रविवारचं, कानांचं, चार सेकंदांचं. संपल्यावर टाळ्या झाल्या. टाळ्या, ऑड्री. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, ‘मित्र असावा तर असा. दोस्ताचा डाग स्वतःच्या अंगावर घेतोय म्हातारा.’ मी ओरडलो की अहो, हे खरं आहे. कुणीतरी माझ्या पाठीवर थोपटलं. तेवढ्यात एडगर उभा राहिला. मला वाटलं, आता सांगेल. तर म्हणाला, ‘क्लेमचं वय झालंय, त्याचं मनावर घेऊ नका. बॅटला लागला होता, मला ठाऊक होतं, आणि मी थांबलो. सूप येऊ द्या.’ परतताना बसमध्ये मी रडलो. त्याने त्याची खिशातली पेपरमिंटची गोळी मला दिली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

आता आजचं सांगतो. मी मंगळवारी आणि शुक्रवारी बसने त्याच्याकडे जातो. तो मला ओळखत नाही. तरी माझ्या शेजारी बसतो आणि मला हवामान सांगतो, बहुतेक चुकीचं. तीनच्या सुमाराला चहाची गाडी येते आणि तो उठतो. महिनाभर मला त्याचा अर्थ लागला नाही. बहिरा ना मी. मग एक दिवस लक्षात आलं की गाडी येते तेव्हा नाही, तर गाडीवरचा कप बशीला लागतो तेव्हा तो उठतो. बारीकसा आवाज होत असणार, टक् असा. मला त्या सोमवारी जो ऐकू आला नाही, तोच. तो उठतो, काठी डाव्या काखेत घेतो, मान थोडी खाली घालतो, आणि उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून सोडवत, कुणाकडे न बघता, लांब व्हरांड्यातून दाराकडे चालू लागतो. त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं, ‘दुपारी भटकला.’ तो भटकत नाही गं. एवढ्या सरळ रेषेत कुणी भटकतं का? दारापाशी मुली त्याला गाठतात, गोड बोलून दंडाला धरून परत आणतात आणि खुर्चीत बसवतात. पुन्हा कप वाजतो, पुन्हा तो उठतो. कधी कधी चार-पाच वेळा. शेवटी रडवेला होतो.

गेल्या शुक्रवारी मी माझी खुर्ची व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या समोर ठेवली. गाडी आली. त्याची मान हलली, म्हणजे कप वाजला असणार. पण त्या दिवशी तो लगेच निघाला नाही. उभा राहिला, ताठ, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. तीच नजर. एकोणतीस वर्षांनी तीच नजर. मी उठलो, कसाबसा, आणि हात डोक्यावर नेऊन बोट वर केलं. किती वेळ धरलं माहीत नाही, खांदा अजून दुखतोय. त्याने मान डोलावली आणि चालू लागला. एक मुलगी त्याला धरायला पुढे झाली, मी तिला हाताने थांबवलं. दाराशी जोडे घालायला ठेवलेलं एक बाक आहे. तो त्यावर बसला. वाकून पायांवरून पॅड सोडल्यासारखं केलं, मोठा श्वास टाकला आणि भिंतीला टेकून झोपला. त्यानंतर कप किती वाजले असतील, तो उठला नाही. शनिवारी मी नव्हतो. त्याला पाच वेळा परत आणून बसवलं.

म्हणून हे पत्र, ऑड्री. मी मिसेस फेअरहर्स्टना सांगितलं, त्या गोड हसल्या. मी रोज जाऊ शकत नाही, बस आठवड्यातून दोनदाच असते आणि माझे गुडघे आता निमित्तापुरते राहिलेले नाहीत. हे तुला पोचायला आठ-दहा दिवस लागतील आणि तोवर तू त्या कागदावर सही करून टाकलेलीही असेल, मला ते इथून कळणारही नाही. पण केली नसशील तर त्यांना एवढंच लिही, मुलीचं ते ऐकतील: दाराला कुलूप घाला, पण त्याला त्या बाकापर्यंत चालत जाऊ द्या, आणि तो तिथे बसला की कुणी उठवू नका. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याने तुला दिलं नाही, कारण ते माझं होतं, आणि मी ते द्यायला एकोणतीस वर्षं लावली. तो माझ्यासाठी थांबला होता. आता तो रोज दुपारी बाद होऊन घरी निघतो, आणि रोज कुणीतरी त्याला दंडाला धरून परत आणतं आणि नाबाद म्हणतं. मी एकदाच म्हटलं होतं, ते त्याला जन्मभर पुरलं. तू तरी म्हणू नकोस.

तुझाच,
ज्याच्यासाठी तुझे बाबा थांबले तो
क्लेमकाका